बाईंची बदली झाली. आता शाळेची गुणवत्ता टिकवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, पट ३६, शिक्षक दोन. काही वर्षांपूर्वी एक बाई रुजू झाल्या आणि शाळा बदलली. मुलं वाचायला लागली, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅनने जाणारी काही मुलं परत आली. आता बाईंची बदली झाली आहे आणि पुढच्या आठवड्यात त्या कार्यमुक्त होतील. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणून तुमच्यापुढे तीन वाटा आहेत : बदली रद्द करा म्हणून सह्यांचं निवेदन द्यायचं, लोकवर्गणीतून मोठा डिजिटल बोर्ड घ्यायचा, किंवा गावातल्या डी.एड. झालेल्या एका मुलीला मानधनावर ठेवायचं. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

घाटमाथ्यावरच्या एका तालुक्यात मी आधी शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा, म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही शाळांमध्ये जाणं सुटलेलं नाही. एका शिक्षकाच्या जोरावर वर आलेल्या शाळा बदलीनंतर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा होत्या तिथे आलेल्या मी पाहिल्या आहेत. थोड्या शाळा मात्र टिकल्या, आणि त्या का टिकल्या हे जवळून पाहायला मिळालं. त्यावरून सांगतो. तुमची शाळा मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तिथल्या परिस्थितीवर ठरतील. जिथे तसं असेल तिथे तसं म्हणेन.

तुमची खरी अडचण बदली ही आहे असं मला वाटत नाही. बदली आज ना उद्या व्हायचीच होती. अडचण अशी की बाई नेमकं काय करत होत्या, हे बाईंशिवाय गावात कुणालाच सांगता येत नाही. पालकांना विचारा, ते म्हणतील, "बाई जीव ओतून शिकवायच्या." ते खरंच असणार. पण जीव ओतणं पुढच्या माणसाच्या हातात देता येत नाही. त्याच्या तळाशी रोजच्या कामाच्या ज्या चार-दोन पक्क्या सवयी असतात, त्या देता येतात. बाई जायच्या आत त्या सवयी समजून घेणं आणि लिहून ठेवणं, हे तुमचं या आठवड्याचं काम आहे. तिन्ही पर्यायांचा विचार त्यानंतर.

शाळेचा चार्ज देताना-घेताना तुम्ही कधी हजर राहिला आहात का? बाईंकडे मुख्याध्यापकाचा प्रभार असेल तर या वेळी जरूर राहा. जनरल रजिस्टर, हजेरीपट, कॅशबुक, बँकेचं पासबुक, डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा अगदी किलोपर्यंत, कपाटाच्या किल्ल्या. एकेक वस्तू मोजून यादीवर दोघांच्या सह्या होतात. हे सगळं आवश्यकच आहे. पण तिसरीतली कोणती मुलगी कुठपर्यंत वाचते, कोणाचा हातच्याच्या वजाबाकीत गोंधळ होतो, कोणाला फळ्यावरचं नीट दिसत नाही, कोण दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या तोडीला जातं, यातली एक ओळ त्या यादीत नसते. तांदळाचा हिशेब नव्या शिक्षकाला मिळतो, मुलांचा मिळत नाही. मग तो माणूस कितीही चांगला असला तरी मुलं ओळखण्यात त्याचे पहिले दोन-तीन महिने जातात. तोवर त्याच्यापुढे एकच आधार असतो, पाठ्यपुस्तक. तो पहिला धडा उघडतो, ज्यांना वाचता येतं ती त्याच्याबरोबर पुढे जातात, आणि जी नुकतीच कुठे शब्दांपर्यंत पोचली होती ती मागे गळतात. शाळेची घसरण सुरू होते ती इथे, पहिल्या सहामाहीत. बाहेरून ती दिसायला आणखी वर्ष जातं.

म्हणून मी आमच्या केंद्रात मुलांचाही चार्ज द्यायला लावायचो. साधी दोनशे पानी वही, प्रत्येक मुलाला एक पान. पानावर तीन गोष्टी. मूल वाचनात कुठे आहे : अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद की गोष्ट. गणितात कुठे आहे : दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, की भागाकार. आणि तिसरी, शिक्षकाची दोन-चार ओळींची टीप. ही टीप सगळ्यांत मोलाची असते. "गटात बोलत नाही, एकटीला विचारलं तर सगळं सांगते." "मोठ्या भावाने हळूच सांगितलेलं उत्तर सांगतो, त्याच्यापासून लांब बसवा." अशी माहिती कुठल्याही पोर्टलवर भरली जात नाही, आणि ती गेली की बाईंची कित्येक वर्षांची मेहनत त्यांच्याबरोबर जाते.

ही वही भरताना मुलांची चाचणी कशी घ्यायची ते सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, तिच्यातली वाचनाची पायरी अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशीच आहे. ती साधी आहे आणि पालकांनाही पाच मिनिटांत समजते. मूल एकेकटं बोलवा, बाकीच्यांसमोर नको. वाचायला पाठ्यपुस्तक देऊ नका. आपल्याकडे मुलांचे धडे ऐकून ऐकून पाठ होतात. मूल पुस्तक धरून, बोट फिरवत, योग्य ठिकाणी थांबत अख्खा धडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं ते वाचतंय. खात्री करायची असेल तर धड्याच्या मधल्याच एका ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारा. जे वाचत होतं ते लगेच सांगेल. जे म्हणत होतं ते पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करेल.

गणिताचंही तसंच. बावन्नातून सत्तावीस वजा करायला द्या. पंचवीस हे उत्तर आलं तर ठीक. पस्तीस आलं तर 'चुकलं' म्हणून पुढे जाऊ नका. त्या मुलाने एककात सातातून दोन काढले, दशकात पाचातून दोन काढले. त्याला वजाबाकी येते, वर कोणता अंक आहे याची पर्वा न करता लहान अंक मोठ्यातून काढायची सवय लागली आहे. त्याला दशक सुट्टा करणं काड्यांचे गठ्ठे हातात देऊन दाखवलं तर काही दिवसांत तो सुधारतो. पण ज्याला बावन्न हा आकडाच ओळखता येत नाही त्याला दुसऱ्या ठिकाणापासून सुरुवात करावी लागते. निकालपत्रकात दोघांनाही सारखाच शून्य मिळतो. बाईंना हा फरक माहीत होता, म्हणून तुमची मुलं पुढे गेली असणार.

आता दुसरी सवय. बाईंना विचारा, दिवसातला एखादा तास त्या इयत्ता बाजूला ठेवून मुलं बसवायच्या का? बहुतेक 'हो' असं उत्तर येईल. दोन शिक्षकी शाळेत टिकाऊ काम केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे कुठल्या ना कुठल्या नावाने केलेलं मी पाहिलं आहे. चौथीतलं शब्दांवर अडकलेलं मूल आणि दुसरीतलं शब्दांवर आलेलं मूल त्या तासापुरतं एकत्र बसतं. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चाचणी आणि गट बदलतात. पुढे गेलेलं मूल पुढच्या गटात जातं. दोन शिक्षकांत चार इयत्ता सांभाळायच्या म्हणून आपण रडतो, पण या कामासाठी छोटी शाळा उलट सोयीची आहे. सगळी मुलं एका छपराखाली असतात, गट बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे मी नुसतं आमच्या तालुक्यावरून म्हणत नाही. हरियाणात २०१२-१३ साली सरकारी शाळांत असाच एक तास रोजच्या वेळापत्रकात वेगळा ठरवून दिला, मुलांचे पातळीप्रमाणे गट केले, आणि ज्या अधिकाऱ्यांनी शिक्षकांना मदत करायची त्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिलं. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. त्याआधी बिहारमध्ये या पद्धतीचं शिकवण्याचं साहित्य शाळांना नुसतं दिलं तेव्हा वाचनात फरक पडला नव्हता. साहित्य दोन्हीकडे होतं. एकीकडे ठरलेला तास होता आणि विचारपूस करणारं माणूस होतं, दुसरीकडे ते नव्हतं.

टिकण्याच्या बाबतीत मुंबई आणि वडोदऱ्याचा 'बालसखी' उपक्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००१ ते २००३ या काळात महापालिकेच्या शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली रोज सुमारे दोन तास वेगळं शिकवत. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा त्या प्रगतीतला मोठा भाग विरून गेला होता, थोडाच उरला होता. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या ज्या कामाला पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातलाच हा एक अभ्यास. तुमच्या मानधनावरच्या मुलीच्या पर्यायाला हा धडा थेट लागू पडतो, त्याकडे पुढे येतोच.

इथपर्यंतचं दोन वाक्यांत सांगायचं तर, बाईंनी केलेल्या कामाचा गाभा 'प्रत्येक मूल कुठे आहे ते माहीत असणं' आणि 'त्याप्रमाणे रोज थोडा वेळ शिकवणं' हा आहे. पहिलं वहीत उतरतं, दुसरं वेळापत्रकात.

आता भिंती आणि बोर्डांबद्दल. २०१५ च्या जूनमध्ये राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. त्या वेळी साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळा) शाळांचं नाव सगळीकडे झालं होतं आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे जात होत्या. तिथल्या वर्गांत मुलं जमिनीवर आखलेल्या चौकटींवर, काड्या-खडे-चिंचोके घेऊन, आपापल्या गटात काम करताना दिसायची. पाहून आलेल्या शिक्षकांपैकी काहींनी आपल्या वर्गात खरंच बदल केला. पण खूप ठिकाणी परत आल्यावर पहिलं काय झालं, तर फरशीवर रंगकाम. अंकांच्या चौकटी आल्या, स्वरांची फुलं आली, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं त्या रंगवलेल्या फरशीवर पूर्वीसारखीच ओळीत बसून फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली. डोळ्यांना दिसलं ते उचललं गेलं. चौकटीवर बसलेल्या मुलाला शिक्षक काय विचारतोय, उत्तर चुकल्यावर पुढे काय करतोय, हे फोटोत येत नाही, म्हणून ते मागे राहिलं. चांगली गोष्ट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना होणारं नुकसान मला कायम अस्वस्थ करत आलं आहे, कारण यात आळस कुणाचाच नसतो. लोक मनापासून खर्च करतात, मनापासून रंगवतात.

तुमच्या डिजिटल बोर्डचं म्हणूनच मला काळजीचं वाटतं. बोर्ड वाईट नाही. पण तो आल्यावर वर्गात कोणती गोष्ट रोज वेगळी होईल, याचं उत्तर नव्या शिक्षकाकडे असेल तरच घ्या. वीजबिल कोण भरणार, बिघडला तर तालुक्याहून माणूस कोण आणणार, हेही आधी ठरवा. बिलं थकली म्हणून वीज तोडलेल्या शाळा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तेवढीच लोकवर्गणी गोष्टींच्या पुस्तकांवर खर्च केली तर मी अधिक आनंदी होईन. पहिली-दुसरीसाठी मोठ्या टायपातली, एका पानावर दोन-तीन ओळी असलेली, चित्रांची भरपूर पुस्तकं. ती कपाटात कुलूपबंद ठेवायची नाहीत; दोरीवर टांगायची, मुलांच्या हाताला येतील अशी. फाटली तर फाटू द्या. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, आणि समितीने दरवर्षी थोडी नवी घ्यायचीच असं ठरवून ठेवा.

मानधनावरच्या मुलीचा पर्याय मला पटतो, पण तीन अटींवर. तिने वर्गशिक्षकाची जागा घ्यायची नाही, तिने त्या गटांच्या तासात एक गट सांभाळायचा. तिला काम शिकवायला नव्या शिक्षकाने, आणि आत्ता शक्य असेल तर बाईंनी, शेजारी बसवून घ्यायला हवं. आणि पैसे दोन-तीन वर्षांचे हातात असल्याशिवाय सुरू करू नका. यात्रेच्या वर्गणीसारखा एकदा उत्साहाने गोळा झालेला पैसा सहा महिन्यांत संपतो, मुलगी सोडून जाते आणि तोवर शिक्षकांनी तो गट तिच्यावर सोपवून टाकलेला असतो. बालसखीच्या बाबतीत झालं ते तुमच्याकडेही होईल. त्यापेक्षा थोडा कमी मोबदला, पण अखंड, हे बरं.

बदलीविरुद्धचं निवेदन मी देऊ नये असं म्हणेन. बदल्या आता संगणकीय पद्धतीने, सेवाज्येष्ठता आणि अवघड क्षेत्राचे (दुर्गम, गैरसोयीच्या गावांचे) नियम लावून होतात. गावाच्या सह्यांनी त्या क्वचितच फिरतात. शिवाय त्या बाईंनाही घर आहे, म्हातारे आईवडील असतील, कदाचित त्यांनीच बदली मागितली असेल. आणि नवा शिक्षक रुजू व्हायच्या आधीच 'आम्हाला हा नको होता' असं कागदावर लिहून ठेवलेल्या गावात त्याने कोणत्या मनाने काम करायचं? नव्या माणसाशी पहिल्या महिन्यात गाव कसं वागतं यावर पुढची तीन-चार वर्षं ठरतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. 'आधीच्या बाई असं करायच्या' हे वाक्य समितीच्या बैठकीत कुणीही उच्चारायचं नाही असं ठरवा. वही त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "सर, ही मुलं इथवर आली आहेत. तुम्ही तुमच्या पद्धतीने पुढे न्या. दिवाळीच्या सुट्टीआधी आपण पुन्हा एकदा पाहू." पद्धत त्याची, मोजमाप सगळ्यांचं. एवढं स्वातंत्र्य ज्याला मिळालं त्या शिक्षकाने शाळा पाडलेली मला आठवत नाही.

टिकलेल्या शाळांमध्ये दुसरा शिक्षक हा फार महत्त्वाचा होता. बाई गेल्या तरी तुमचे दुसरे गुरुजी तिथेच आहेत ना? आजवर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसेल, कारण सगळं कौतुक बाईंच्या वाट्याला आलं. त्यांना आज मध्यभागी आणा. गटांचा तास त्यांना माहीत आहे, मुलं माहीत आहेत, पालक माहीत आहेत. नवा शिक्षक येईपर्यंत आणि आल्यावरही ही पद्धत चालू ठेवणारा माणूस तेच आहेत. समितीने एकदा त्यांना बोलावून मनापासून एवढं म्हटलं की "गुरुजी, आता तुमच्यावर आहे", तर त्याचा उपयोग कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त होतो.

समितीचा अधिकार किती, असंही तुम्ही विचारलं होतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातल्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेच्या कामावर देखरेख हे समितीचं कामच आहे. कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कर्तव्यं आहेत त्यांत प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं, आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची प्रगती सांगणं, हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मी सांगितलेल्या वहीसाठी वेगळा आदेश लागत नाही. पण कलमाचा कागद पुढे करून सुरुवात करू नका. समितीच्या बैठकीत बांधकाम, शौचालय, पोषण आहार यांतच वेळ जातो. तिथे दर महिन्याला अर्धा तास फक्त शिकण्यावर ठेवा. "किती मुलं शब्दांवर आहेत, मागच्या वेळी किती होती?" एवढंच विचारा. आकडा कमी आला तर रागवायचं नाही, "काय मदत लागेल?" असं विचारायचं. आकडा कमी सांगितल्यावर ज्याला बोलणी बसतात तो पुढच्या वेळी जास्त आकडा सांगतो. वरपासून खालपर्यंत आपल्या व्यवस्थेत हेच झालं आहे. भिंतीवर 'प्रगत शाळा' रंगवलेलं असतं आणि आत चौथीतलं मूल जोडाक्षरावर अडकलेलं असतं. तुमच्या ३६ मुलांचा खरा आकडा तुमच्या गावाला माहीत असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

देशाचं चित्रही तुम्हाला माहीत असावं, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतील. असरच्या ग्रामीण पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये जेमतेम निम्मी होती. करोनात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ती सुमारे ४३ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा ४९ च्या आसपास गेली. निम्म्यावरून पुढे जाणं इतकं अवघड असलेल्या देशात तुमच्या बाईंनी जवळजवळ सगळी मुलं वाचती केली असतील, तर एखादं वर्ष थोडं खाली गेलं म्हणून घाबरू नका. बदलीच्या वर्षी थोडी घट होतेच. ती भरून निघते की वाढत जाते, हे पाहायचं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेलं. मुलांची घरची भाषा वेगळी असेल, नंदुरबारकडची भिली-पावरी, मेळघाटातली कोरकू, गडचिरोलीकडची गोंडी, तर पहिलीच्या वर्गाला अक्षरांकडे जाण्याआधी बोलण्याला खूप वेळ द्यावा लागेल, आणि मानधनावर माणूस घेणार असाल तर ती भाषा येणारंच घ्या, तिथे डी.एड.पेक्षा भाषा महत्त्वाची. गावातून ऊसतोडीला टोळ्या जात असतील तर दिवाळी ते होळी हा काळ तुमच्या शाळेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची मागणी पावसाळ्यातच करा, आणि जी मुलं जाणारच आहेत त्यांच्या वहीच्या पानाची प्रत त्यांच्याबरोबर द्या, परत आल्यावर त्यांना पुन्हा तपासून थेट गटात बसवा. आणि नवा शिक्षक आलाच नाही, जागा रिकामीच राहिली, तर मात्र मी वर सांगितलेलं सगळं अपुरं पडेल. एका शिक्षकाने चार इयत्ता, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि मतदारयाद्यांचं काम सांभाळून गट घ्यावेत ही अपेक्षा अन्यायाची आहे. ते ओझं गावाने लोकवर्गणीतून उचलायचं नाही, ते शासनाचं काम आहे.

केंद्रप्रमुखांकडेही जा. आपल्या मातीतले जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात शाळांचे समूह करण्याची कल्पना मांडली होती, एका मोठ्या शाळेभोवती लहान शाळा, एकमेकांना साहित्य आणि अनुभव पुरवणाऱ्या. आपली केंद्रशाळेची रचना त्याच विचाराच्या जवळची आहे. केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, आता बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि माहिती गोळा करण्यात जातो, हे मी आतून पाहिलं आहे; केंद्रप्रमुखांची पदंही अनेक ठिकाणी रिकामी आहेत. तरीही तुमच्या केंद्रप्रमुखांना एक विनंती करून पाहा : यंदाची एक शिक्षण परिषद तुमच्या शाळेत, गटांच्या तासाच्या वेळी घ्या. शेजारच्या शाळांचे शिक्षक मुलांबरोबर बसून पाहतील. हे काम एकट्या तुमच्या शाळेत चालू असेल तर पुढच्या बदलीला पुन्हा धोका आहे. केंद्रातल्या चार शाळा तसंच करत असतील तर तिथूनच बदलून येणारा शिक्षक ते घेऊन येईल.

तर या आठवड्यात एवढं करा. बाईंना दोन दुपारी मोकळ्या करून द्या, त्या काळात पोषण आहाराची आणि कार्यालयीन माहितीची धावपळ समितीतल्या कुणीतरी सांभाळा. त्या आणि दुसरे गुरुजी मिळून ३६ मुलांची वही पूर्ण करतील. गटांचा तास कोणत्या वेळी, कोणता गट कोणाकडे, हे एका कागदावर लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावा. बाईंचा निरोप समारंभ जोरात करा, त्यांचा तो हक्क आहे, आणि वही त्यांच्या हातून गुरुजींच्या हातात त्याच वेळी, गावासमोर द्या. निवेदन लिहायचंच असेल तर ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना एकाच मागणीचं लिहा : रिक्त होणारी जागा शाळा सुरू होण्याच्या दिवशी भरलेली असावी. त्याची पोच घ्या, आणि पंधरा दिवसांत शिक्षक आला नाही तर पोचेची प्रत घेऊन पंचायत समितीत स्वतः जा. सोबत दोन-चार आया असू द्या. मुलाला वाचता येतं की नाही याची तळमळ त्यांच्याइतकी स्पष्ट शब्दांत कुणाला मांडता येत नाही.

वही भरून झाली की किती मुलं कोणत्या पायरीवर आहेत तेवढे आकडे कळवा, नावं नकोत. पहिल्या सहामाहीत कोणत्या गटावर जास्त वेळ द्यायचा ते त्यावरून सांगता येईल.